समुद्र नसलेल्या शहरातून समुद्राकडे : एचएसआर लेआउटच्या सांडपाण्याचा इतिहास

बेंगळुरूला समुद्र नाही. शहराच्या आग्नेयेकडील एचएसआर लेआउट ही वसाहत समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून सर्वांत जवळचा किनाराही अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. होसूर-सर्जापूर रोड या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत समुद्राचा विषय निघतो तो सहसा सुट्टीच्या बेतापुरता. सागरी प्रदूषण म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती तेलवाहू जहाजे, बंदरे आणि भरतीनंतर कचऱ्याने भरलेली गिरगावची चौपाटी. प्रत्यक्षात एचएसआर लेआउटमधील स्वयंपाकघराच्या मोरीतून गेलेल्या पाण्याची वाटही समुद्राकडेच जाते, आणि ती नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

वसाहतीच्या उत्तरेला अगरा तलाव आहे. त्याच्या सांडव्याचे पाणी बेळ्ळंदूर तलावात उतरते. बेळ्ळंदूर हा सुमारे ९०० एकरांचा, बेंगळुरूतील सर्वांत मोठा तलाव. त्याचे पाणी वर्तूर तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. नदी होसूरजवळ तामिळनाडूत शिरते, केलवरपल्ली, कृष्णगिरी आणि सातनूर ही धरणे ओलांडते आणि तेनपेन्नै या नावाने कडलूरजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्राचे प्रदूषण कोठे सुरू होते आणि ते कोठे थांबवता येते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या वाटेच्या इतिहासात आहेत.

हा इतिहास बराच जुना आहे. अगरा गावात गंग राजवटीतील, सुमारे इ.स. ८७० च्या काळातील एक शिलालेख सापडला आहे. दोन तलावांना तूब बसवल्याची आणि आणखी एक तलाव बांधल्याची नोंद त्यात आहे. तूब म्हणजे तलावातून हवे तेवढेच पाणी सोडण्याची मोरी. बेंगळुरूचा संस्थापक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या केंपेगौडाने १५३७ मध्ये शहर वसवले. म्हणजे अगऱ्याची ही नोंद शहराहून साडेसहा शतकांनी जुनी आहे. बारमाही नदी नसलेल्या या पठारावर पावसाचे पाणी अडवून ठेवल्याखेरीज वस्ती शक्य नव्हती. म्हणून उतारावर एकाखाली एक असे तलाव बांधले गेले आणि ते राजकालुवे नावाच्या मोठ्या नाल्यांनी जोडले गेले. वरचा तलाव भरला की त्याचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देई. पाण्याची पाळी ठरवण्यासाठी गावात नीरगंटी असे. महाराष्ट्रातील पाटकऱ्याचे जे काम, तेच त्याचे. उन्हाळ्यात तलावातील गाळ काढून शेतात टाकला जाई. त्यामुळे शेतातून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद पुन्हा शेतातच पोहोचत असे. या व्यवस्थेमागे पर्यावरणाचा सिद्धान्त नव्हता, गरज होती. पाणी प्यायचे होते आणि भात पिकवायचा होता, म्हणून ते राखले जात होते.

या नदीच्या दोन्ही टोकांना मराठ्यांचा इतिहासही भिडलेला आहे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बेंगळुरू जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. नदीच्या मुखाजवळ, कडलूरच्या किनाऱ्यावरील तेग्नापट्टणचा किल्ला १६९० मध्ये, छत्रपती राजाराम महाराज जिंजीत असताना, इंग्रजांनी मराठ्यांकडून विकत घेतला. तोच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड म्हणून प्रसिद्ध झाला. त्या काळी वरच्या टोकाचे पाणी तलावातलवांतून जिरत जाई आणि पावसाळ्यात उरलेलेच काय ते खालच्या टोकाला पोहोचे. वरच्या माणसाच्या वापराचा खालच्या समुद्राला उपसर्ग व्हावा, एवढे पाणीही नव्हते आणि तसली रसायनेही नव्हती.

बदल घडला तो नळाने. १८९६ मध्ये हेसरघट्टा तलावातून बेंगळुरूला नळाचे पाणी आले. पुढे १९३० च्या दशकात तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला आणि १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा पूर्ण झाला. सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळपास पाचशे मीटर उंची चढवून पाणी शहरात येऊ लागले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही मोठीच कामगिरी होती. पण तिचा एक परिणाम फारसा कोणी हिशेबात धरला नव्हता. पिण्याचे पाणी दुरून येऊ लागताच गावचा तलाव कोणाच्याच उपयोगाचा राहिला नाही. ज्या पाण्यावर कोणाची तहान अवलंबून नाही, त्याची राखण करणाराही उरत नाही. धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक आले, संपंगी तलावाच्या जागी क्रीडांगण. अगरा-बेळ्ळंदूरचे खोरे ज्या दोन नावांनी ओळखले जाते, त्यांपैकी कोरमंगला तलावाच्या जागेवर राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी वसाहत उभी राहिली आणि चल्लघट्टा तलावाच्या जागेवर गोल्फचे मैदान. भारतीय विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९७३ नंतरच्या सुमारे चार दशकांत शहरातील जलाशयांचे क्षेत्र ७९ टक्क्यांनी घटले.

जे तलाव बुजले नाहीत, त्यांच्या वाट्याला दुसरे काम आले. दुरून आणलेले पाणी वापरून झाल्यावर कोठेतरी सोडावे लागते. भारतीय अभियांत्रिकीत सर्वसाधारण हिशेब असा, की पुरवलेल्या पाण्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते. शहर ज्या वेगाने पसरले, त्या वेगाने मलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली नाहीत. उतार मात्र जुनाच होता. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी शतकांपूर्वी आखलेले राजकालुवे मैलापाणी वाहू लागले, आणि तलावांची साखळी ही सांडपाण्याची साखळी झाली. बंगळूर विकास प्राधिकरणाने वसवलेली एचएसआर लेआउटसारखी आखीव वसाहत आणि तिच्या भोवती वाढलेल्या दाट वस्त्या, या सर्वांचा उतार त्याच बाजूला आहे.

मे २०१५ मध्ये बेळ्ळंदूर तलावावरील फेसाने पेट घेतला आणि ही बातमी जगभर गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग लागली. १९ जानेवारी २०१८ रोजी लागलेली आग विझवण्यासाठी लष्कराचे हजारो जवान उतरावे लागले. तळाच्या कुजण्यातून निघणारा मिथेन, पृष्ठभागावरील तेल-ग्रीस, काठावर जाळला जाणारा कचरा आणि वाळलेले गवत अशी निरनिराळी कारणे तज्ज्ञांनी मांडली. आग अधूनमधून लागे. फेस मात्र दर पावसाळ्यात रस्त्यावर येई, गाड्यांच्या काचांवर उडे आणि राज्याची सीमा ओलांडून केलवरपल्ली धरणाच्या दारांशीही दिसे.

या फेसालाही स्वतःचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाची जागा कृत्रिम डिटर्जंटने घेतली. त्यातील फेस आणणाऱ्या रेणूंच्या साखळीला फांद्या होत्या आणि जिवाणूंना त्या सहज तोडता येत नसत. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे ढीग दिसू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. १९६५ पर्यंत अमेरिकेतील उत्पादकांनी फांद्यांचा रेणू सोडून सरळ साखळीचा रेणू स्वीकारला. हा नवा रेणू जिवाणू खाऊ शकत होते आणि नद्यांवरील फेस ओसरला. प्रदूषण नदीत उतरून नव्हे, तर कारखान्यातील रेणू बदलून थांबवल्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

मग तोच सरळ साखळीचा रेणू बेळ्ळंदूर-वर्तूरमध्ये फेस कसा धरतो? कारण तो तोडणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. मैलापाण्याने भरलेल्या तलावात प्राणवायू जवळजवळ नसतोच. रेणू न तुटता गाळाला चिकटून तळाशी साचत राहतो. पहिल्या जोरदार पावसात गाळ ढवळला जातो, साठलेला रेणू पाण्यात येतो आणि सांडव्यावरून कोसळताना हवा मिसळून फेस होतो. पाण्यातील बारीक कण आणि जिवाणू तो फेस टिकवून धरतात. भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एन. चाणक्य, लक्ष्मीनारायण राव आणि रेश्मी दास यांनी वर्तूर तलावाचा सलग अभ्यास करून फेसाचे हे ऋतुचक्र उलगडले. याचा अर्थ सरळ आहे. फेस ही पावसाळ्यातील घटना असली, तरी तिचे कारण वर्षभराच्या न शुद्ध केलेल्या सांडपाण्यात आहे. पाण्याचे फवारे मारून फेस खाली बसेल, कारण बसणार नाही.

फेस डोळ्यांना दिसतो. समुद्राच्या दृष्टीने अधिक गंभीर गोष्ट दिसत नाही. ती म्हणजे पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद. मलमूत्र, अन्नाचे खरकटे आणि धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट यांतून ते येतात. यांपैकी दोष कोणाचा, हा वाद १९६० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात पेटला होता. ईरी सरोवर शेवाळाने गुदमरले होते. त्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलकट थराने २२ जून १९६९ रोजी पेट घेतला होता. बेळ्ळंदूरच्या आगीआधी ४६ वर्षे घडलेली ही घटना तेथे कायदे बदलण्यास कारण ठरली. १९७३ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी ‘सरोवर २२६’ मध्ये मधोमध प्लास्टिकचा पडदा टाकला. एका भागात कर्ब आणि नत्र सोडले. दुसऱ्या भागात तेच, आणि शिवाय स्फुरद. काही आठवड्यांतच स्फुरदाचा भाग हिरवागार झाला आणि दुसरा स्वच्छ राहिला. आकाशातून घेतलेल्या त्या एका छायाचित्राने साबण उद्योगाचा युक्तिवाद निकालात काढला. १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार सांडपाण्यातील आणि डिटर्जंटमधील स्फुरद कमी केले गेले, आणि पुढील दशकात ईरी सरोवर सावरले. पुढे शेतीतील खतांमुळे तेथे शेवाळ परतले, हेही खरे. युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली.

गोड्या पाण्यात जे स्फुरद करते, ते समुद्रात बहुधा नत्र करते. नद्यांनी आणलेल्या पोषकद्रव्यांवर सूक्ष्म शेवाळ माजते, मरते, तळाशी जाते आणि कुजताना तेथील प्राणवायू संपवते. मासे पळतात, पळू न शकणारे मरतात. रॉबर्ट डियाझ आणि रुटगर रोझेनबर्ग यांनी २००८ मध्ये अशा चारशेहून अधिक मृतक्षेत्रांची नोंद केली. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास चार पंचमांश.

बंगालचा उपसागर या बाबतीत विशेष नाजूक आहे. त्याच्या मधल्या थरात प्राणवायू नैसर्गिकरीत्याच अत्यल्प आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह केलेले संशोधन २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यानुसार त्या थरात पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी, तरीही अगदी शून्य नव्हे, असा प्राणवायू शिल्लक आहे. तेवढ्या अंशामुळेच पाण्यातील नत्र मोठ्या प्रमाणावर वायुरूपाने निघून जाण्याची प्रक्रिया रोखली गेली आहे. तो अंश संपला, तर उपसागराचे आणि कदाचित जगाच्या समुद्रांचे नत्रचक्रच बदलू शकेल. एकट्या एचएसआर लेआउटच्या मोरीने हे घडणार नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेपासून गोदावरी, कृष्णा, कावेरीपर्यंतच्या सर्व खोऱ्यांचे पाणी या उपसागरात येते. पुण्याच्या मुळा-मुठेचे पाणीही भीमेतून कृष्णेमार्गे तेथेच जाते. दख्खनच्या पठारावरील पूर्ववाहिनी नदीकाठचे प्रत्येक शहर त्या खात्यात थोडी थोडी भर घालते, आणि प्रत्येकालाच आपली भर नगण्य वाटते.

प्लास्टिकचा हिशेब थोडा वेगळा आहे. २०१५ मध्ये जेना जॅम्बेक आणि सहकाऱ्यांनी काढलेला अंदाज सर्वत्र सांगितला जातो : २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेले. मात्र त्या गणितात किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आतील वस्तीच धरली होती. बेंगळुरू त्यात मुळात आलेच नाही. २०२१ मधील एका अभ्यासाने नद्यांचा मागोवा घेतला तेव्हा असे दिसले, की किनाऱ्यालगतच्या शहरांतील लहान नद्याच अधिक प्लास्टिक समुद्रात टाकतात. दूरच्या शहरांचे बरेचसे प्लास्टिक वाटेत काठावर, गाळात आणि धरणांत अडकते. म्हणजे एचएसआर लेआउटमधील पिशवी कडलूरला पोहोचण्याची शक्यता कमीच. पण धरण पिशवी अडवते, विरघळलेले नत्र पूर्णपणे अडवत नाही. आणि अडलेली पिशवी होसूर-कृष्णगिरीच्या शेतकऱ्याच्या पाण्यात राहते. समुद्र वाचला म्हणून नदी वाचली असे होत नाही.

कायद्याची नजरही बराच काळ समुद्रावरच खिळली होती. १९६७ मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले. त्यानंतर १९७२ चा कचरा समुद्रात टाकण्याविरुद्धचा लंडन करार आणि १९७३ चा जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धचा मार्पोल करार झाला. जहाजावर ध्वज असतो, कप्तान असतो, नोंदवही असते. जबाबदार कोण हे ठरवता येते. जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणाचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचे नेहमी सांगितले जाते. पण त्याविषयीचा जागतिक कृतिकार्यक्रम थेट १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे ठरला आणि तोही बंधनकारक नव्हता. मोरीला कप्तान नसतो.

भारतात जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ मध्येच झाला, ज्या वर्षी कावेरीचे पाणी बेंगळुरूत पोहोचले त्याच वर्षी. पाणी आले ते लगेच; कायद्याचा धाक बेळ्ळंदूरला जाणवायला चार दशके लागली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आगीची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर २०१८ मध्ये कर्नाटक सरकारला ५० कोटी, तर महापालिकेला २५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. शिवाय तलावांच्या कामासाठी ५०० कोटी रुपये वेगळे ठेवण्यास सांगितले. त्यानंतर दोन्ही तलावांचे पाणी वळवून गाळ काढण्याचे काम सुरू झाले.

दरम्यान आणखी एक मार्ग शोधला गेला. २०१८ पासून याच खोऱ्यातील शुद्धीकरण केंद्रांचे पाणी कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांकडे उपसून नेले जाऊ लागले. योजना दररोज ४४० दशलक्ष लिटरची आणि शंभराहून अधिक तलावांची होती. पहिल्याच पावसाळ्यात कोलारच्या तलावात फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेले. शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यापर्यंतच होते. नत्र-स्फुरद काढणारा तिसरा टप्पा त्यात नव्हता. तरीही या योजनेने एक जुनी गोष्ट पुन्हा घडवली. सांडपाण्याला कोणीतरी वापरणारा मिळाला, आणि वापरणारा मिळताच पाण्याच्या शुद्धतेबद्दल जाब विचारणाराही मिळाला. दुष्काळी कोलारच्या शेतकऱ्याने बेंगळुरूच्या पाण्याचा दर्जा न्यायालयात विचारावा, हे अगऱ्याच्या शिलालेखानंतर प्रथमच घडत नसेल. पण बऱ्याच काळानंतर घडत होते.

एचएसआर लेआउटमध्येही अशी सुरुवात दिसते. डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने शहरभर कचऱ्याच्या तीन भागांत वर्गीकरणाची पद्धत लागू केली. ओल्या कचऱ्याचे खत कसे करावे हे नागरिकांना दाखवणारे ‘स्वच्छाग्रह कलिका केंद्र’ याच वसाहतीत उभे राहिले. ओला कचरा जागच्या जागी खत होतो तेव्हा त्यातील नत्र-स्फुरद नाल्यात जात नाही, झाडाच्या मुळाशी जाते. उन्हाळ्यात तलावाचा गाळ शेतात नेणाऱ्या गावकऱ्यांचेच हे काम आहे, फक्त बादलीच्या आकाराचे.

परंतु बादलीने भागणार नाही, एवढे मोठे पाणी आता येत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्यामुळे बेंगळुरूला दररोज आणखी ७७५ दशलक्ष लिटर पाणी मिळण्याची सोय झाली. ८० टक्क्यांचा हिशेब लावला तर पूर्ण क्षमतेने हा टप्पा चालू असताना दररोज सुमारे ६२० दशलक्ष लिटर नवे सांडपाणी निर्माण होईल. या पाण्याच्या येण्याचा समारंभ झाला. त्याच्या जाण्याचा हिशेब तेवढ्याच ठळकपणे मांडला जायला हवा. प्रत्येक नव्या नळजोडणीबरोबर मलवाहिनीची जोडणी, शुद्धीकरणात नत्र-स्फुरद काढण्याचा तिसरा टप्पा, पावसाचा नाला आणि मैल्याची वाहिनी यांची कायमची फारकत, धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर मर्यादा आणि शुद्ध केलेल्या पाण्याला ठरलेला वापरकर्ता. यांतील एकही उपाय समुद्रकिनाऱ्यावर करायचा नाही. किनाऱ्यावरची सफाई मोहीम आवश्यक असली, तरी ती चारशे किलोमीटर उशिरा सुरू होते.

अगऱ्याच्या शिलालेखात तूब बसवणाऱ्याची नोंद आहे, कारण कोणत्या तलावातून किती आणि कसे पाणी सुटते याला कोणीतरी उत्तरदायी असावे लागे. आज त्याच तलावाच्या सांडव्यावरून किती नत्र आणि किती स्फुरद खाली जाते, हे दर महिन्याला मोजून तेथेच फलकावर लिहिले गेले, तर कडलूरच्या कोळ्याला आणि होसूरच्या शेतकऱ्याला वरच्या वसाहतीकडे काय मागायचे ते कळेल, आणि वरच्या वसाहतीलाही आपण खाली काय पाठवतो ते दिसेल.

#सागरी_प्रदूषण #बेळ्ळंदूर #विज्ञान_आणि_इतिहास